पडद्यावरची काय म्हणते

रिकाम्या हातांनी बसून मी एकही सिनेमा पाहिलेला नाही. बेंगळुरूत आल्यापासून तर नाहीच. रविवारी दुपारी खाली अक्कांच्या हॉलमध्ये उतरताना माझ्या एका हातात कॅसेट असायची आणि दुसऱ्या हातात निवडायची भाजी, नाहीतर मुलांचे बटणं तुटलेले शाळेचे शर्ट. पडद्यावर कुणा बाईला गाव वाळीत टाकत असायचं, मी पदराने डोळे पुसायचे आणि पुन्हा मेथीची पानं खुडायला लागायचे. माझी मुलगी तेव्हा पाचवीत होती. तिने एकदा विचारलं, "आई, तू रडतेस आणि भाजीपण निवडतेस, दोन्ही एकदम कसं जमतं?" मी तिला म्हटलं, जा, गणितं सोडव. पण प्रश्न मला लागला होता, आणि तो विचारल्याबद्दल मी तिच्यावर उगाच दिवसभर चिडलेली होते.

आम्ही नागपूरचे. नव्वदच्या दशकाच्या मध्याला नवऱ्याला इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत नोकरी लागली, मी माझ्या बँकेतून बदली मागून घेतली आणि जे. पी. नगरात वरच्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा भाड्याने मिळाली. नवरा सकाळी कंपनीच्या बसने जायचा आणि होसूर रोडची धूळ अंगावर घेऊन संध्याकाळी उशिरा यायचा. मधला सगळा कारभार माझा. डबे, शाळा, बँक, गॅस, पाणी, मुलीचं कन्नड, मुलाचा खोकला. आठवड्यात माझ्या वाट्याला येणारी एकच गोष्ट म्हणजे रविवार दुपारचा सिनेमा, आणि तोही भाजीसकट.

खालच्या मजल्यावर घरमालकीण. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचं घराणं मराठी, पण तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. "स्वल्प पाणी घे मा, मग सामान चढव," म्हणाल्या. मी "सामान चढवून राहिली आहे नं" म्हटल्यावर त्याही तोंडाला पदर लावून हसल्या. फिट्टंफाट झाली. अक्का विधवा होत्या. घरात त्यांचा मुलगा, सून आणि वर्षाची नात. मुलगा सरकारी कारखान्यात अधिकारी, अतिशय सभ्य. माझा नवरा घरी नसला तर गॅसचा सिलिंडर स्वतः वर आणून द्यायचा आणि चहाला नको म्हणून निघून जायचा. मी माझ्या नवऱ्याला त्याचं उदाहरण देत असे.

व्हिसीआर त्यांच्याकडे होता आणि कॅसेट लायब्ररीचं कार्ड माझ्याकडे. त्यामुळे आपोआप ठरून गेलं. अक्कांचा मुलगा रविवारी दुपारी मित्रांकडे पत्ते खेळायला जायचा, माझा नवरा वर घोरत पडायचा, आणि आम्ही बायका खाली सिनेमा लावायचो. निवड माझी. गाणी आणि मारामारी यांचा मला कंटाळा. मला हवे असायचे ते अन्यायाचे सिनेमे, ज्यात कुणीतरी बाई उठून उभी राहते. कोपऱ्यावरचा लायब्ररीवाला मला बघितलं की विचारायचा, "अळो पिक्चर, मेडम?" अळो म्हणजे रडायचा. त्याने तसा एक वेगळा कप्पाच करून ठेवला होता, आणि तो उघडणारं गिऱ्हाईक बहुधा मी एकटीच होते.

अक्कांना हिंदी येत नव्हतं. निदान त्या तसं म्हणायच्या. त्यामुळे शेजारी बसून कुणीतरी मराठीत सांगत राहायला लागायचं. सुरुवातीला ते काम माझ्याकडे होतं. "ती काय म्हणते?" अक्का विचारायच्या. मी सांगायचे, "ती म्हणते, विहीर सगळ्यांची आहे." "तो काय म्हणतो?" "तो म्हणतो, तुझ्या बापाची आहे का." असं चालायचं. पण आठवडाभराची दमणूक रविवारी दुपारीच नेमकी अंगावर यायची. सांगता सांगता माझी मान खाली जायची. एकदा गोळीबाराच्या ऐन प्रसंगात मला डुलकी लागली. अक्का ओरडल्या, "कोण मेलं? सांग की मा, कोण मेलं?" त्या दिवसापासून सांगायचं काम सुनेकडे गेलं.

सून बिदरकडची. तिकडे घरात मराठी, बाजारात कन्नड आणि गल्लीत हिंदी, त्यामुळे तिला तिन्ही सारख्याच येत. पण घरात मी तिला क्वचितच बोलताना ऐकलं होतं. हो आत्याबाई, नाही आत्याबाई, आणले आत्याबाई, एवढंच. नवऱ्यासमोर तर तेवढंही नाही. सिनेमा लागला की ती सासूच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसायची, मुलीला मांडीवर थोपटायची आणि खालच्या आवाजात सांगत राहायची. "ती म्हणायली की माझं शेत मी देणार नाही. तो म्हणायला की बाईमाणसाला शेत कशाला." तिचा आवाज बारीक होता पण सांगणं झकास. माझी चांगली सोय झाली. भाजी निवडून झाली की मी भिंतीला टेकून डोळे मिटायचे आणि नुसती ऐकायचे.

डोळे मिटले म्हणूनच ते माझ्या लक्षात आलं. एका सिनेमात एक नवी नवरी सासूला म्हणत होती की मला माहेरी पत्र लिहू द्या. हिंदीत तेवढंच होतं. आणि मराठीत माझ्या कानावर आलं, "ती म्हणायली, दुपारच्याला मला घटकाभर निजू द्या. रात्री लेकरू झोपू देत नाही." मी डोळे उघडले. सून पडद्याकडेच बघत होती, चेहऱ्यावर काही नाही. अक्का मात्र त्या पडद्यावरच्या सासूवर भडकल्या होत्या. "केवढी खाष्ट बाई. लेकराच्या आईला निजू देत नाही?" आणि मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "तू निजत जा गं दुपारी. भांडी राहू देत. मी काय असली सासू नाही."

मला हसू दाबता दाबता ठसका लागला. जिन्यात ती भेटली तेव्हा मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही सांगू नका." मी म्हटलं, "काय सांगू? मी तर झोपले होते." त्यावर ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

मग हे चालूच राहिलं. पडद्यावरची बाई जमीनदाराशी भांडायची आणि मराठीत ती म्हणायची की मला बहिणीच्या लग्नाला आठ दिवस जायचंय. पडद्यावरची पोलिसांपुढे उभी राहायची आणि मराठीत म्हणायची की मलाही थोडं शिवण शिकायचंय, क्लास कोपऱ्यावरच आहे. सगळंच साधत नव्हतं. पण बरंच साधत होतं. अक्कांना पडद्यावरच्या सासूपेक्षा आपण चांगल्या हे दाखवायची हौस होती, आणि तशी संधी सून त्यांना दर रविवारी मिळवून देत होती. मी हे सगळं मिटल्या डोळ्यांनी ऐकायचे आणि मनात म्हणायचे, शाबास. आम्ही बाकीच्या बायका हे सिनेमे बघून काय करत होतो? रडत होतो. रडून झालं की हलकं वाटायचं, आणि हलकं वाटलं की उठून कुकर लावायचो. या मुलीने मात्र त्यांचा उपयोग केला होता. तिच्यापुढे मला माझ्या रडण्याची लाज वाटायची.

संक्रांतीच्या आधी अक्का मला जिन्यात भेटल्या. सुनेला पुन्हा दिवस गेले होते. तिसरा महिना सरत होता. मी अभिनंदन केलं. अक्का म्हणाल्या, "संक्रांत झाली की गुरुवारी दाखवून आणायचं आहे मा. एक डॉक्टर आहे, देवनहळ्ळीच्या अलीकडे. मशीनमध्ये बघून आधीच सांगतो म्हणे, काय आहे ते. एक मुलगी आहेच. मग पुढचं बघायचं."

पुढचं म्हणजे काय ते मला कळलं. माझ्या हातातली पिशवी जड झाली. असल्या तपासणीला आता कायद्याने बंदी आली आहे असं मी पेपरात वाचलं होतं, ते सांगितलं. अक्का म्हणाल्या, "पेपरात खूप असतं." मी म्हटलं, मुलगी झाली तर काय बिघडतं? माझा आवाज चढला होता. अक्कांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, "तुला आधी मुलगी, मग मुलगा आहे मा. तुला बोलायला सोपं आहे."

मला मुलगा होता हे खरंच होतं. मला तो आपसूक झाला होता, कुणी मला कुठे नेलं नव्हतं, आणि दुसऱ्या वेळी मुलगीच झाली असती तर आमच्या घरात काय झालं असतं हे मला कधी कळलंच नव्हतं. वर गेल्यावर मी मुलाला जवळ घेतलं. तो खोकत होता. माझ्या सासूबाईंनी त्याच्या बारशाला नागपुरात वाटलेले पेढे मला आठवले, आणि मुलीच्या बारशाला काय वाटलं होतं ते काही केल्या आठवेना. ते दोन-तीन दिवस माझं बँकेत लक्ष नव्हतं. अक्कांचा मला इतका राग आला होता की भाडं द्यायलाही मी नवऱ्याला पाठवलं.

सून मला गच्चीवर भेटली. कपडे वाळत घालत होती. मी थेट विचारलं, "तुला जायचंय का त्या डॉक्टरकडे?" तिने मानेने नाही म्हटलं. "मग सांग की घरात." ती म्हणाली, "कुणाला सांगू, ताई? माझ्या तोंडचं कोण ऐकायलंय?" मग म्हणाली, "ह्या रविवारी पिक्चर आणणार ना तुम्ही?"

शनिवारी बँक अर्धा दिवस असायची. मी सुटल्या सुटल्या लायब्ररीत गेले आणि रडायचा कप्पा अख्खा उपसला. मला चांगला सिनेमा नको होता. मला असा सिनेमा हवा होता ज्यात एक बाई खूप वेळ बोलते, मध्ये कुणी तिला अडवत नाही, आणि गाणी येत नाहीत. लायब्ररीवाल्याला हे कसं समजावणार? मी म्हटलं, "कोर्टाचा आहे का? बाई बोलते असा?" त्याने एक कॅसेट काढली. एका नर्सची गोष्ट. तिने दवाखान्यात एक गुन्हा घडताना पाहिलेला असतो, साक्ष देऊ नको म्हणून सगळे तिच्यावर दडपण आणतात, आणि शेवटी ती कोर्टात उभी राहून सगळं सांगते. "लाँग डायलॉग, मेडम," तो म्हणाला. मी कॅसेट पिशवीत टाकली.

त्या रविवारी माझ्याकडे अवरेचे, म्हणजे इकडच्या वालाचे, ओले दाणे होते. थंडीत बेंगळुरूत घराघरात हे काम चालतं. दाणे रात्रभर भिजवायचे आणि चिमटीत दाबून एकेकाचं साल काढायचं. संपता संपत नाही असं काम. अक्काही माझ्याबरोबर सोलायला बसल्या. त्यांच्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण एकाच परातीत हात असल्यावर ते किती टिकणार. सून खुर्चीजवळ बसली. मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती.

पहिला दीड तास ती अगदी नीट सांगत होती. शब्दाला शब्द. मला वाटलं, धीर सुटला हिचा. मग कोर्ट आलं. नर्स पिंजऱ्यात उभी राहिली आणि बोलायला लागली. सून गप्पच.

"काय म्हणते गं ती?" अक्कांनी विचारलं.

"ती म्हणायली," सून पडद्याकडेच बघत म्हणाली, "ती म्हणायली की मला नको."

"काय नको?"

"जिथं न्यायचं म्हणायलेत तिथं मला नेऊ नका. जे असेल ते माझं आहे. मी वाढवते."

पडद्यावर नर्स समोरच्या सूटवाल्या माणसाकडे बोट दाखवत होती. तिच्या बोलण्यात न्यायचं, वाढवायचं यातलं काहीही नव्हतं, आणि ते कुणाही आंधळ्याला दिसलं असतं. अक्कांचा हात परातीत थांबला. त्यांनी पडद्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे वळल्या.

"तू सांग मा. तुझी हिंदी चांगली. ती काय म्हणते?"

आम्ही भाडेकरू. नवरा सारखं बजावायचा, मालकांच्या घरात डोकं घालू नकोस, पोरांच्या शाळा इथे आहेत. सून खाली मान घालून बसली होती, आणि तिचा हात लेकराच्या पाठीवर नुसता ठेवलेला होता, थोपटत नव्हता. मी म्हटलं, "अक्का, ती पडद्यावरची म्हणते की मी जे पाहिलं ते सांगणार. आणि तुमची सून म्हणते की ती गुरुवारी त्या डॉक्टरकडे जाणार नाही."

टीव्ही चालूच होता. न्यायाधीश टेबलावर हातोडा आपटत होता. मला वाटलं आता अक्का मला वर जायला सांगतील, आणि पुढच्या महिन्यात जागा सोडायला.

अक्का म्हणाल्या, "मला कळतं गं. एवढी वर्षं बघते मी, मला काय कळत नाही? ती तिथली एक वाक्य बोलते, ही चार सांगते."

"मग तुम्ही..."

"मग मी ऐकते की. हिला घरात तोंड नाही. इथे तरी बोलू दे म्हणून ऐकते." त्यांनी परात बाजूला सारली. "पण तुम्ही दोघी मिळून मला का सांगताय हे? मी नेते आहे हिला, असं वाटलं तुम्हाला?"

मला तसंच वाटलं होतं.

"माझा मुलगा म्हणतो," अक्का म्हणाल्या. "डॉक्टर त्याने शोधला, गुरुवार त्याने ठरवला. जेवताना मला सांगितलं, मी सरी म्हटलं, बरं म्हणून. त्याचे वडील गेल्यापासून तो जे म्हणेल त्याला मी सरीच म्हणते. घर नावाला माझं, राहते त्याच्या जिवावर."

तो सभ्य मुलगा. सिलिंडर वर आणून देणारा. मला खरं वाटेना, आणि मग एकदम सगळं खरं वाटलं. आम्ही वर्षभर जे सिनेमे पाहिले त्यांत कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली सासू होती, हातात काठी घेतलेला जमीनदार होता. नवरा असायचा तो एका बाजूला, बिचारा, दोघींच्या मध्ये सापडलेला. शिकलेला, हळू बोलणारा, रविवारी पत्ते खेळायला जाणारा माणूस त्यांत कुणालाच भीती घालत नव्हता. मी सिनेमा आणत होते, सून सांगत होती, आणि आमचा दोघींचा पत्ता चुकला होता. एवढ्या महिन्यांत तो एकदाही त्या खोलीत सिनेमा बघायला बसला नव्हता. माझा सगळा राग अक्कांवर खर्च झाला होता आणि खऱ्या जागी द्यायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

सुनेने उठून टीव्ही बंद केला. नर्सचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलंच नाही.

कॅसेट त्याच दिवशी परत करायची होती. संध्याकाळी दिवे लागल्यावर मी ती घ्यायला खाली गेले. अक्कांचा मुलगा टेबलाशी जेवायला बसला होता. सून ओट्यापाशी. अक्का हातात सारूचं, म्हणजे त्यांच्याकडच्या साराचं, पातेलं घेऊन त्याच्या शेजारी उभ्या होत्या. मी दारातच थांबले, कारण अक्का बोलायला लागल्या होत्या.

"आज एक सिनेमा बघितला रे," त्या म्हणाल्या. "त्यात एक बाई होती. तिला सगळे म्हणतात, असं कर, तसं कर. तर ती म्हणते..."

"अम्मा, सिनेमा राहू दे," तो हसून म्हणाला. "सारू वाढ."

त्याच्या हसण्यात रागाचं नावही नव्हतं. आई काहीतरी बडबडते आहे, तिला थांबवलं, एवढंच. अक्कांनी सारू वाढलं. भातावर तूप घातलं. पातेलं खाली ठेवलं. मला वाटलं, झालं, संपलं.

"सरी," अक्का म्हणाल्या. "सिनेमा राहू दे. मी सांगते. गुरुवारी ही कुठे जाणार नाही."

त्याने वर बघितलं.

"तुझ्या आधी मला दोघी झाल्या. त्या आहेत म्हणून दिवाळीला मला कुणाच्या तरी घरी जायला मिळतं. हिला जे होईल ते होईल. तुला नको असेल तर आम्ही दोघी बघू."

त्याने आईला साधं का म्हणूनही विचारलं नाही. पानातला भात तसाच टाकून उठला, हात धुतले, आणि तेव्हा त्याला मी दारात दिसले. "कॅसेटसाठी आलात का?" त्याने नेहमीच्या आवाजात विचारलं. आत गेला, मशीनमध्ये कॅसेट पूर्ण मागे फिरवली, कव्हरमध्ये घातली आणि माझ्या हातात दिली. मी आभार मानले. त्या माणसाची मला इतकी भीती आधी कधी वाटली नव्हती.

गुरुवारी मी बँकेत उशिरा गेले. डॉक्टरकडे न्यायला कुठलीच गाडी आली नाही. सून गच्चीवर दाणे वाळत घालत होती. तिने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

पण घर बदललं. अक्कांचा मुलगा आईशी बोलेनासा झाला. भांडण नाही, आवाज नाही. काही हवं असेल तर लेकीला सांगायचा, आजीला सांग. दोन वर्षांची पोर, ती काय सांगणार? फेब्रुवारीत व्हिसीआर बिघडला म्हणून त्याने दुरुस्तीला नेला आणि तो परत आला नाही. रविवारी दुपारी आता आम्ही खाली नुसत्याच बसायचो. अक्का मध्येच म्हणायच्या, "काय केलं मी मा? म्हातारपणी मुलगा घालवला का?" चांगलं केलंत, असं मी म्हणायचे, आणि म्हणताना वाटायचं की हे बोलून मी आता वर जाईन आणि या दोघी इथे त्याच्याबरोबर राहतील. सिनेमात बाई बोलली की टाळ्या पडतात आणि दिवे लागतात. बोलल्यानंतरचे महिने कुणी दाखवत नाही. या विचाराने मी वर माझ्या नवऱ्याशीही विनाकारण भांडत होते.

जुलैमध्ये मुलगी झाली.

बारसं घरातल्या घरात केलं. बिदरहून सुनेची आई आली होती, अक्कांच्या दोन्ही मुली आल्या होत्या, गल्लीतल्या चार बायका. मुलगा पाहुण्या पुरुषांबरोबर बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसला होता. तोपर्यंत त्याने बाळाला एकदाही घेतलं नव्हतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. नाव ठेवून झालं. घुगऱ्या वाटून झाल्या. मी ताटं उचलत होते. तेवढ्यात अक्कांनी पाळण्यातून बाळ उचललं, बाहेरच्या खोलीत गेल्या आणि एक शब्द न बोलता मुलाच्या मांडीवर ठेवून दोन पावलं मागे झाल्या.

त्याचे हात सोफ्यावर दोन्ही बाजूंना होते. ते त्याने तिथेच ठेवले. चेहऱ्यावर तेच सभ्य हसू. बाळाने पाय झाडला आणि ते मांडीवरून थोडं घसरलं. खोलीतलं बोलणं थांबलं. अक्का पुढे आल्या नाहीत. मी ताटं हातात धरून उभी राहिले.

सून दारात आली होती. बाळंतपणाने ओढलेली, डोक्यावरचा पदर सावरत. सगळ्या पाहुण्यांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती नवऱ्याला म्हणाली, "धरा तिला. पडेल ती."

त्याने धरलं.